‘अचानक आलं’ म्हणणाऱ्या नव्या ड्रायव्हरला पुढचं बघायला कसं शिकवायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मुलाला १८ पूर्ण झालीत, लर्निंग लायसन्स निघालंय, दारव्हा-दिग्रसकडच्या रस्त्यांवर महिनाभरापासून तो तुमच्यासोबत कार चालवतोय. क्लच, गिअर, रिव्हर्स, चढावर गाडी उचलणं सगळं जमतं. पण दर फेरीत दोन-तीनदा करकचून ब्रेक लागतो आणि दर वेळी पोट्टा म्हणतो, ‘अचानक आलं!’ तुम्ही ओरडता, तो चिडतो. आणि तुम्ही विचारलंय की त्याचा रिफ्लेक्स वाढवायला काय करावं.

रिफ्लेक्स ठीक असणार. अठराव्या वर्षी पाय तुमच्या-माझ्यापेक्षा लवकरच हलतो. उशीर होतो तो पायाच्या आधी. गाय डांबरावर यायच्या पाच-सहा सेकंद आधी काहीतरी दिसलेलं असतं: रस्त्यावर ताजं शेण, धुऱ्यावर काठी खांद्यावर टाकून उभा गुराखी, पलीकडे आधीच गेलेली दोन वासरं. तुम्हाला ते दिसतं, तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उठतो. आपोआप उठतो म्हणूनच ते मुलाला सांगायचं राहून जातं. त्याला फक्त शेवटची गोष्ट कळते, ती म्हणजे तुमची ओरड. हा फरक तुमच्याच मुलात आहे असंही नाही. नव्या आणि मुरलेल्या ड्रायव्हरची नजर कुठे कुठे जाते हे अमेरिकेत १९७२ मध्येच यंत्राने तपासलं होतं. नवे ड्रायव्हर गाडीच्या अगदी पुढ्यातलंच जास्त बघतात, नजर आडवी फिरवत नाहीत, असं त्यात दिसलं. ब्रिटनमध्ये तर २००२ पासून लायसन्सच्या परीक्षेत रस्त्याच्या चित्रफिती दाखवून ‘धोका कुठे तयार होतोय’ हे ओळखायला लावतात. आपल्याकडे आठ काढायला लावतात, त्यामुळे हे काम घरच्यांवर येतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. मुलगा आधी बाइक चालवत असेल तर शिकवणं थोडं सोपं आणि थोडं अवघड, दोन्ही. रस्ता वाचायची सवय असते, पण ‘फटीतून काढतो’ हीसुद्धा सवय असते, आणि कार साडेपाच फूट रुंद आहे. चष्मा लागलाय का हे आधी तपासून घ्या. लांबचं धूसर दिसणाऱ्या मुलाला बाकी काहीही शिकवून उपयोग नाही. तुमच्या घरच्या गाडीला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीसारखा दुसरा ब्रेक नाही, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या ४० च्या आत ठेवा. हँडब्रेक दोन सीटच्या मधे हाताने ओढायचा असेल तर तो कसा ओढायचा हे स्वतः रिकाम्या मैदानात, बटण दाबून धरून, २० च्या वेगात करून बघा. जास्त वेगात तो ओढला तर मागची चाकं जाम होतात. लर्निंगवर असताना पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी हवा आणि पुढे-मागे ‘एल’ लावलेला हवा, हे तुम्हाला माहीत असेलच.

पहिलं काम: चार-पाच फेऱ्या त्याला चालवायला देऊच नका. तुम्ही चालवा, तो शेजारी बसेल. हात-पाय मोकळे असले की डोक्याला जागा मिळते. एक फोन डॅशबोर्डवर पक्का बसवून दहा-पंधरा मिनिटांचं चित्रण करा. घरी ते लावा आणि काहीतरी घडायच्या जरा आधी थांबवा. तीन प्रश्न विचारा: काय दिसतंय? त्यातून पुढे काय होऊ शकतं? तू आत्ता, या क्षणी, काय करशील? पहिल्या प्रश्नाला मुलं ‘रस्ता, ट्रॅक्टर, झाड’ अशी यादी देतात. खरा अभ्यास दुसऱ्या प्रश्नाचा आहे. आणि चित्रण थांबवायचं ते घडायच्या आधी. घडल्यावर तर कोणीही सांगेल.

मग तो चालवायला बसला की बोलत चालवायला लावा. वाक्याचा साचा ठरलेला हवा: ‘हे दिसतंय, म्हणून हे होऊ शकतं, म्हणून मी हे करतोय.’ उदाहरणार्थ, ‘डावीकडे पांदण (शेतातली वाट) आहे, तूर उंच आहे, बंडी (बैलगाडी) निघू शकते, म्हणून पाय उचलला.’ तिसरा तुकडा गाळू देऊ नका. बरीच मुलं आठवड्याभरात पहिले दोन तुकडे क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखे म्हणू लागतात आणि गाडी मात्र त्याच ६० ने जात राहते. ‘करतोय’ म्हणजे स्पीडोमीटरचा काटा उतरलेला किंवा पाय ब्रेकवर अलगद आणून ठेवलेला. पाय ब्रेकवर आणून ठेवायला काही खर्च नाही, अ‍ॅव्हरेजही बिघडत नाही, पण पाव-अर्धा सेकंद वाचतो. ६० च्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे ८ मीटर, दोन गाड्यांची लांबी. असं बोलत चालवणं एका वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको. थकवा येतो आणि मग ते पाठ केल्यासारखं होतं.

तुम्ही मात्र गप्प राहायचं. ठरवून फक्त दोन शब्द ठेवा: ‘हळू’ आणि ‘थांब’. बाकी सगळं गाडी बाजूला लावून. ‘अरे अरे अरे!’ असं ओरडलात की तो रस्ता सोडून तुमच्याकडे बघतो. आणि चार-पाच फेऱ्यांत त्याला कळतं की धोका आला की बाबा ओरडतात, म्हणजे बाबा ओरडले नाहीत तर धोका नाही. तुमच्या ओरडण्यावर तो गाडी चालवायला शिकतो, आणि एकटा जाईल त्या दिवशी ते ओरडणं गाडीत नसतं.

आता आपल्या रस्त्यांवर नेमकं काय वाचायचं. सगळ्यात जास्त वेळ ट्रॅक्टर-ट्रॉलीवर घालवा, कारण नव्या पोराचा अंदाज तिथे हमखास उलटा पडतो. ट्रॅक्टर पुढे चाललाय, कापसाने भरलेली ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलीय. ट्रॅक्टर थोडा हळू होतो आणि डाव्या कडेला सरकतो. मुलाला वाटतं, साइड दिली. तो हॉर्न मारून उजवीकडून काढायला जातो, आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. कारण ट्रॉली लांब आहे. उजवीकडच्या अरुंद पांदणीत किंवा जिनिंगच्या गेटात घालायची तर आधी डावीकडे जाऊन मोठा वळसा घ्यावाच लागतो. इंडिकेटर नसतो किंवा कापसाने झाकलेला असतो. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, इंजिनच्या आवाजात तुमचा हॉर्न ऐकू येत नाही. म्हणून नियम असा शिकवा: ट्रॅक्टर हळू झाला की आधी उजवीकडचं कुंपण बघ. तिथे कुठलीही फट, धुऱ्यावरची वाट, वावराचं फाटक, पेट्रोल पंप किंवा गोडाऊन दिसलं तर ओव्हरटेक नाही. ती जागा मागे गेली, ट्रॅक्टरने पुन्हा वेग धरला, मग बघू. ट्रॅक्टरवाल्याचं डोकं उजवीकडे वळलं किंवा ट्रॉलीवर बसलेल्या बायांनी काठ घट्ट धरला, की वळणार हे जवळपास नक्की.

कापसाच्या दिवसांत रस्ता स्वतःच बोलतो. कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले दिसले की समजायचं, भरलेल्या गाड्या याच वाटेने जिनिंगला जातात, पुढच्या वळणावर एखादी निवांत चालत असणार. डांबरावर ओल्या काळ्या मातीचे चाकाचे पट्टे कडेवरून रस्त्यावर आले असतील तर ट्रॅक्टर नुकताच वावरातून निघालाय. तो पुढे आहे आणि त्याने सांडलेल्या चिखलावर तुमचा ब्रेक नेहमीसारखा लागणार नाही. तुरीच्या वर धुळीचा लोट सरकताना दिसला तर पांदणीतून काहीतरी येतंय. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन डांबरावर वाळत घातलेलं असतं, मळणीचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलेलं असतं. त्यावर ब्रेक मारला तर गाडी घसरते. त्याच्या आधी वेग कमी करायचा आणि त्यावर असताना स्टिअरिंग सरळ. भंडारा-गोंदियाकडे हेच धानाचं.

आणि एक, तेच वळण वर्षभर तेच राहत नाही. जूनमध्ये ज्या पांदणीचं तोंड शंभर मीटरवरून दिसतं, ते नोव्हेंबरमध्ये पाच-सहा फुटी तुरीआड बुडालेलं असतं. जानेवारीत तूर निघाली की पुन्हा मोकळं. मुलगा उन्हाळ्यात शिकला असेल तर दिवाळीच्या सुमारास तोच रस्ता त्याच्याकडून पुन्हा बोलून घ्या.

जनावरांचं थोडक्यात सांगतो. म्हैस चालू लागली की थांबत नाही. गाय मधेच थबकते. शेळी अर्ध्यातून कळपाकडे परत फिरते, कुत्रंही परत फिरतं. त्यामुळे जनावराच्या पुढून काढायची घाई कधीच नाही; थांबायचं किंवा ते पूर्ण गेल्यावर त्याच्या मागून जायचं. एक शेळी गेली म्हणजे कळप बाकी आहे आणि पिल्लं शेवटी पळत येतात. रानडुकरं ओळीने येतात. रोही (नीलगाय) एक आडवा गेला तर दुसऱ्याची वाट बघायची, आणि तो उडी मारूनच येतो, म्हणून नजर रस्त्यावर न ठेवता वावराच्या कडेला ठेवायची. सकाळी गुरं सुटायच्या आणि संध्याकाळी परतायच्या वेळी गावाअलीकडचा अर्धा किलोमीटर ३० च्या वर नको. जनावर वाचवायला स्टिअरिंग हिसकायचं नाही, सरळ रेषेत जोरात ब्रेक. कडेला कडुनिंब आणि बाभळी आहेत. झाडाला धडक बसली तर ती रोह्याला बसण्यापेक्षा जास्त जीवघेणी असते.

फाट्यावर समोरून आलेली एसटी उभी असेल तर प्रवासी तिच्या डाव्या दाराने, म्हणजे आपल्यापासून पलीकडे उतरतात. त्यातले काही बसला मागून वळसा घालून नेमके आपल्या बाजूला येतात. बसच्या पोटाखालून पाय दिसतात. ते मोजायला शिकवा. ‘बसखाली चार पाय, मागच्या चाकाकडे सरकताहेत’ असं मुलगा म्हणाला की समजा, त्याची नजर तयार होतेय.

अरुंद रस्त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून दाखवा. एकेरी डांबरी रस्ता साधारण पावणेचार मीटर रुंद असतो. कार पावणेदोन मीटर, एसटी अडीच. बेरीज सव्वाचार. म्हणजे कोणाची तरी चाकं डांबराखाली उतरणारच, आणि बहुतेक वेळा ती तुमची. कुठे उतरायचं हे समोरची गाडी २०० मीटरवर असतानाच ठरवायचं: मुरूम टाकलेली पक्की साइडपट्टी बघायची, मोरीच्या कठड्यापाशी नाही, पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीवर तर नाहीच. पक्की जागा मागेच राहिली असेल तर तिथेच थांबून राहायचं. नव्या मुलांची गाडी उलटते ती बहुधा इथे. डावी चाकं चार-सहा इंच खाली उतरतात, मुलगा दचकून स्टिअरिंग उजवीकडे ओढतो, टायर काठाला घासत राहतो आणि मग एकदम वर चढून गाडी समोरच्या बाजूला फेकली जाते. उतरली तर उतरू दे. अ‍ॅक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर, गाडी चालण्याच्या वेगावर येऊ दे, मग हळूच वर घे. हे मोकळ्या रस्त्यावर, मुद्दाम चाकं उतरवून, २० च्या वेगात दहा वेळा करून घ्या.

अंतराचा अंदाज मुलांना आकड्यांनी येत नाही, पायांनी येतो. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, दीड सेकंद कळायला लागला असं धरून, ४० च्या वेगात गाडी थांबायला सुमारे २७ मीटर लागतात, ६० ला ४८, ८० ला ७४. वेग दुप्पट केला की नुसता ब्रेकचा भाग चौपट होतो. एका निवांत दुपारी गाडी उभी करून त्याला ही तिन्ही अंतरं चालायला लावा. एक पाऊल पाऊण मीटर धरलं तर ३६, ६४ आणि ९९ पावलं. नव्व्याण्णवाव्या पावलावर उभं राहून मागे गाडीकडे बघितलं की ८० चा वेग काय असतो ते त्याला मी-तुम्ही सांगायची गरज उरत नाही. चिखल, कुटार किंवा पहिल्या पावसाचा निसरडा थर असेल तर ब्रेकचा भाग जवळपास दुप्पट धरा. पुढच्या गाडीमागे अंतर ठेवायला सोपी युक्ती: ती खांबापाशी पोचली की सावकाश ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायचं. त्याआधी आपण त्या खांबापाशी आलो तर फार जवळ आहोत.

रात्रीचं वेगळं शिकवावं लागतं, पण दिवसाचं पक्कं झाल्यावर. डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली असताना, नीट दिसतं ते साधारण ४०-५० मीटरच. वरचा हिशेब लावा: ६० वर थांबायला ४८ लागतात, म्हणजे उजेड संपतो तिथेच गाडी थांबते, एकही मीटर शिल्लक नाही. म्हणून गावरस्त्याला डिपरवर ५० च्या आत. मागून बंडी ओळखायची तर काहीच चमकत नाही. बैलांचे डोळे चमकतात ते समोरून. एक खूण मात्र फार कामाची आहे. समोरच्या गाडीचा दिवा क्षणभर विझून पुन्हा लागल्यासारखा दिसला तर तो विझलेला नसतो, त्याच्या आणि तुमच्या मधून काहीतरी गेलेलं असतं. लगेच पाय ब्रेकवर. समोरचा अप्पर सोडत नसेल तर दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचं आणि वेग उतरवायचा. आपणही अप्पर मारून बदला घ्यायचा नाही. दोघंही आंधळे झाले तर मधल्या सायकलवाल्याचं कोण बघणार?

पुराच्या रपट्याबद्दल, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाबद्दल, चर्चाच नको. वरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, मागचे कितीही हॉर्न मारोत. फूटभर वाहतं पाणीही छोटी कार उचलू शकतं, आणि रपट्याची कड गढूळ पाण्यात दिसत नाही.

हॉर्नवरून आठवलं. आपल्याकडची मुलं धोका ओळखायला शिकली की पहिला हात हॉर्नवर जातो आणि वेग तसाच राहतो. हॉर्न जरूर वाजवावा, पण आधी पाय, मग हॉर्न. शेळीला हॉर्न कळत नाही, आणि बाजारातून टोपलं डोक्यावर घेऊन निघालेल्या आजीबाई हॉर्न ऐकून आधी उभ्या राहतात, मग नेमक्या उलट दिशेला पळतात.

दोन गोष्टी मी सुरुवातीला मुद्दाम टाळतो. एक म्हणजे ‘गाडी घसरली तर कशी सावरायची’ याचे खेळ. मुलांना ते आवडतात, पण त्यातून ‘मला जमतं’ ही खुमखुमी कौशल्यापेक्षा जास्त वाढते. दुसरी म्हणजे हात साफ करायला समृद्धीवर नेणं. तिथे ट्रॅक्टर आणि दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे गावच्या रस्त्यावर लागणारं वाचन तिथे होत नाही. तिथला धोका झोपेचा, टायरचा आणि वेगाचा, तो पक्कं लायसन्स हातात आल्यावर स्वतंत्र शिकवावा. आणि मित्र गाडीत भरून नेणं पहिले सहा महिने बंद. बोलत चालवण्याची सवय मित्रांसमोर टिकत नाही, पोरांना लाज वाटते.

सरावाचा बेत असा ठेवा. नियमाप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास चालवणं द्यावं लागतं. त्याला पाया समजा, त्यापुढे घरचे तास वेगळे. नवनवे रस्ते शोधत बसू नका. घरापासूनचा एकच १५-२० किलोमीटरचा रस्ता घ्या आणि तो सकाळी सातला, दुपारी, गुरं परतायच्या वेळी, आठवडी बाजाराच्या दिवशी आणि शेवटी अंधारात चालवून घ्या. बाजाराच्या दिवशी तोच फाटा कसा बदलतो हे बघितलं की मुलगा स्वतःच ‘आज मंगळवार आहे, उमरीचा बाजार’ असं बोलू लागतो. घरी एक वही ठेवा. ज्या ज्या वेळी ‘अचानक’ शब्द तोंडात आला ती जागा लिहायची आणि समोर लिहायचं, त्याच्या पाच सेकंद आधी काय दिसत होतं. शेरे किंवा मार्क नकोत. पहिल्या आठवड्यात हा रकाना बऱ्याचदा कोराच राहतो, तर त्याला दुसऱ्या दिवशी त्याच जागी नेऊन, गाडी सुरक्षित बाजूला लावून, पायी दाखवा. चौथ्या आठवड्यापर्यंत तो स्वतः भरायला लागतो.

किल्ली एकट्याच्या हातात कधी द्यायची, हे तुम्ही शेवटी विचारलंय. लायसन्स मिळालं की कायद्याने देता येते. मी मात्र शेजारच्या माणसाचा उजवा पाय बघतो. बाजूला बसलो की आपला पाय नकळत मॅटवर दाबला जातो, जणू ब्रेक आपल्याकडेच आहे. त्याने पाय उचलायच्या आधी तुमचा पाय किती वेळा दाबला गेला ते प्रत्येक फेरीला बोटांवर मोजा, त्याला न सांगता. आज तो आकडा दहा-बारा असेल. बाजाराच्या दिवशीची एक आणि रात्रीची एक अशा दोन्ही फेऱ्यांत तो शून्यावर आला की किल्ली द्या.